चौथी हाक

खंडेरावांनी टाइप केलेलं पान टेबलावर पालथं टाकलं आणि त्यावर पेपरवेट ठेवला.

"हे पान वगळ," ते म्हणाले.

सावळीराम गांगुर्डे हा युनिटचा हेडक्लार्क. गेले सहा महिने तो युनिटच्या सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका जुळवत होता, आणि या कामापायी आपले उरलेसुरले केसही गेले असं येईल त्याला सांगत होता. त्याने पेपरवेट उचलला आणि पान पुन्हा सुलटं केलं.

"सुभेदार साहेब, बाकी काहीही वगळा म्हणा, हे नका म्हणू. दुसरं आहे काय यात? एकोणीसशे चोपन्न साली सहा तंबू, चार खेचरं आणि दोन डझन वायरलेस सेट घेऊन युनिट उभं राहिलं. पुढं निरोपाचे झेंडे गेले, खेचरं गेली, मोर्सची टिकटिकही जवळपास गेलीच. कुठला कर्नल कधी आला आणि कधी बदलून गेला. हे कोण वाचणार हो? पोरं वाचतील तर हेच एक पान वाचतील."

त्याचं म्हणणं खरं होतं. कॅम्पाच्या टोकाला असलेल्या त्या छोट्या युनिटचं काम एवढंच, की गावोगावची पोरं घ्यायची आणि त्यांना वायरलेसवर बोलायला शिकवायचं. चोवीस आठवडे. मग ती पोरं तोफांमागे, बर्फात, वाळवंटात कुठंही जात. "बोलायला कुणीही शिकवेल, मी गप्प बसायला शिकवतो," असं खंडेराव आहेर नोकरीत असताना छाती पुढे काढून म्हणत. सगळ्या उस्तादांत त्यांचा दरारा मोठा होता. सराव चालू असताना त्यांच्या तुकडीतलं पोर सायलेन्समध्ये चुकूनही तोंड उघडत नाही, हे तपासणीला आलेले साहेब लोकही मान्य करायचे.

आणि हे पान त्यांचंच होतं. शहाण्णव साली त्यांनी लिहिलेल्या रिपोर्टातून जसंच्या तसं उचललेलं. 'शिकाऊ जवान ललित झिपरू भोये याने साथीदार गंभीर जखमी असतानाही वायरलेस सायलेन्स मोडला नाही. साथीदारास पाठीवर घेऊन तो दोन तास चालत आला.' तेव्हापासून सायलेन्सचा धडा सुरू करण्याआधी प्रत्येक नव्या तुकडीला हे वाचून दाखवायची रीत पडली होती. पोरं त्याला 'भोयेचा धडा' म्हणत. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं खंडेरावांनी स्वतः तो वाचला होता, आणि एकदाही त्यांचा आवाज अडखळला नव्हता. आता घरी बसल्यावर त्यांना याचीच जास्त लाज वाटत होती.

"नव्या साहेबांचा एकच हट्ट आहे," सावळीराम म्हणाला. "ज्याचं नाव छापायचं त्याची सही पाहिजे, आणि एक फोटो. भोये सुरगाण्याकडं असतो. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुमच्या हाताखालचा पोरगा. तुम्ही गेलात तर नाही म्हणायचा नाही."

"आणि म्हणाला तर?"

"तर वगळतो. पण का म्हणेल? चांगलंच लिहिलंय की त्याच्याबद्दल. तुम्हीच तर लिहिलंय."

खंडेरावांनी पानाची चौघडी करून खिशात टाकली. पोस्टाने पाठव असं ते सांगू शकले असते. त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वणीपर्यंत एसटीने गेले आणि तिथून सुरगाण्याच्या जीपमध्ये बसले. जानेवारीची थंडी होती. जीपमध्ये दाटीवाटीने चौदा माणसं, टपावर गाठोडी. दिंडोरी मागे टाकताना डाव्या हाताच्या डोंगरांकडे त्यांनी बघितलं नव्हतं. पण न बघून काय होणार होतं!

शहाण्णवच्या मार्चमध्ये त्याच डोंगरांत सराव होता. बारा ठाणी, प्रत्येक ठाण्यावर दोन पोरं आणि एक सेट. सकाळी सहा ते अकरा सायलेन्स, म्हणजे सगळ्यांनी फक्त ऐकायचं, कुणी बोलायचं नाही. कंट्रोल स्वतः खंडेराव. पायथ्याला आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीत हेडफोन लावून ते एकटे बसले होते. गाडीत औषधांची पेटी होती, आणि ड्रायव्हर सावलीला झोपला होता.

सायलेन्सच्या नियमाला पुस्तकात एक अपवाद आहे. कुणाच्या जिवावर बेतलं तर बोलायची परवानगी आहे, आणि त्यासाठी एक ठरलेला शब्द आहे. तो शब्द कानावर पडला की बाकी सगळं थांबतं. हा अपवाद खंडेराव सायलेन्सच्या धड्याबरोबर शिकवत नसत, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवत. नव्या पोराला पहिल्याच दिवशी मागचं दार दाखवलं तर ते पायात काटा मोडला तरी त्या दारातून पळेल, असा त्यांचा हिशेब. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत कधी बिघडलंही नव्हतं.

दुसरा नियम मात्र ते पहिल्या दिवसापासून घोटून घेत. आधी नुसती हाक द्यायची. समोरचा 'बोला' म्हणाला तरच निरोप सांगायचा. तीन हाकांना उत्तर आलं नाही तर थांबायचं, हवा, म्हणजे सगळ्यांची बोलायची वाट, अडवून बसायचं नाही.

तीन नंबरच्या ठाण्यावर ललित भोये आणि सायखेड्याचा दिनेश खालकर होते. नीट ऐकू यावं म्हणून दिनेशने एरियलच्या तारेला दगड बांधून ती झाडाच्या उंच फांदीवरून फेकली. फांदीच्या पलीकडे आग्या मोहोळ होतं. ललित रानात वाढलेला, तो घोंगडीखाली पालथा पडून राहिला. दिनेश पळाला. माश्या निवल्यावर ललितने त्याला ओढत सावलीत आणलं आणि सेट उचलला.

"कंट्रोल, मी तीन नंबर. ओव्हर."

खंडेरावांना ते ऐकू आलं होतं. मिनिटामिनिटाच्या अंतराने तीनदा. आठवड्यापूर्वी याच ललितने भर सायलेन्समध्ये किती वाजले म्हणून विचारलं होतं, आणि सेट पाठीवर घेऊन मैदानाला वीस फेऱ्या मारल्या होत्या. एवढं होऊनही हा सुधारत नाही, असं म्हणून खंडेराव मनातल्या मनात चरफडले. उत्तर दिलं असतं तर सायलेन्स त्यांनीच मोडला असता. त्यांनी उत्तर दिलं नाही. प्रत्येक हाक लॉगमध्ये लिहायची असते, तीही त्यांनी लिहिली नाही, कारण लिहिली असती तर पुन्हा शिक्षा होऊन पोराचा आठवडा वाया गेला असता. त्या सकाळी एवढी एकच दया त्यांनी दाखवली, आणि पुढं तीच त्यांच्या सोयीची ठरली.

अकराच्या सुमारास ललित दिनेशला पाठीवर घेऊन उतरला. दिनेशचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"उस्ताद, तीनदा हाक मारली," तो धापा टाकत म्हणाला.

"काही आलं नाही," खंडेराव म्हणाले. विचार करायच्या आत ते शब्द तोंडातून निघून गेले होते.

दिनेश दवाखान्याच्या वाटेतच गेला. अर्धा तास आधी आणला असता तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. दवाखान्याच्या व्हरांड्यात खंडेरावांनी ललितला बाजूला घेतलं. सायलेन्समध्ये बोललास हे कुणाला सांगू नकोस, नोकरी जाईल, मी बघतो काय ते, असं म्हणाले. पोराने रडत त्यांचे पाय धरले. मग त्यांनी तो रिपोर्ट लिहिला.

ललितचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. अंगणात त्याचा बाप झिपरू टोपली विणत बसला होता, आणि जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. खंडेरावांनी नाव घेताच पाय हलले, ललित सरपटत बाहेर आला आणि ग्रीस लागलेल्या हातांनीच सावधान उभा राहिला.

"उस्ताद! तुम्ही? इकडं?"

तो अंगाने भरला होता. त्या सालच्या दिवाळीआधीच त्याने नोकरी सोडली, हे खंडेरावांना माहीत होतं. हेडफोन कानाला लावला की घाम फुटतो, असं त्याने अर्जात लिहिलं होतं. आता पावसाळ्यात भात-नागली आणि बाकीचे आठ महिने जीप, असं त्याचं चाललं होतं. त्याने बाज टाकली. त्याची बायको रोशनी कोरा चहा देऊन गेली.

खंडेरावांनी पान पुढे केलं. ललितने हात पुसले आणि ते सावकाश वाचलं.

"बारकूनं सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "आमच्याच पाड्यावरचा. दोन वर्षांमागं भरती झाला. सुट्टीवर आला तवा म्हणतो, भोयेदादा, तुझा धडा हाय आमाला. मी काय बोललो नाय. काय बोलणार? तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलं. मला वाचवायला. लय उपकार हायेत तुमचे."

"ललित..."

"करतो सही. तुम्ही एवढ्या लांबून आले." त्याने पेन घेतलं आणि तसंच हातात धरलं. "पण उस्ताद, एक इचारू का? आठ वर्सं झाली, इचारायचं होतं."

"विचार."

"तीनदा हाक मारून मी थांबलो. तुम्ही शिकवलं तसं. बॅटरी चांगली होती. हवा कधी मधीच मोकळी होते, तुम्हीच सांगायचे. मी चौथी मारली असती, तर पोचली असती का तुमाला?"

झिपरूची बोटं कामात होती. बांबूची पट्टी आत-बाहेर जात होती.

"मी दर मार्चला सायखेड्याला जातो," ललित पुढं म्हणाला. "दिनेशच्या आईकडं. सरुबाईकडं. तुम्ही सांगू नको म्हणाले होते, पण आईला कसं नाय सांगायचं? पहिल्याच वर्सी सांगून टाकलं. म्हटलं, तीन मारल्या, चौथी मारली नाय. तवापासून ती माझ्याशी बोलत नाय. पाणी ठेवते पुढं, बसते. मी थोडा वेळ थांबतो अन् उठतो."

"अजून जातोस?"

"न जाऊन कसं चालेल?"

नसती पोचली, एवढं म्हटलं की झालं. खंडेरावांच्या जिभेवर ते आलंही होतं. चौथी काय, दहावीही पोचली नसती, मधे डोंगर होता, तुझा काही दोष नाही. पोराला बरं वाटलं असतं, सही झाली असती, संध्याकाळच्या आत ते घरी पोचले असते. आपण इथं नेमकं कशाला आलो हे त्यांना तोवर उमगलं नव्हतं. त्या बाईसमोर आठ वर्षं मान खाली घालून बसणारा हा माणूस बघितला, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"पहिलीच आली होती," ते म्हणाले.

ललितला आधी कळलंच नाही.

"तिन्ही ऐकल्या मी. मला वाटलं, तू परत तसंच काहीतरी विचारतोयस. म्हणून उत्तर दिलं नाही. आणि जिवावर बेतलं तर काय म्हणायचं, ते मी तुम्हाला तोवर शिकवलंच नव्हतं. चूक माझी आहे. पहिल्यापासून माझीच."

ललितने पेनाचं टोपण लावलं.

"किती साफ आली?" त्याने विचारलं.

हा ऑपरेटरचा प्रश्न होता. आवाज किती स्वच्छ आला हे पाचापैकी सांगायचं, असं खंडेरावांनीच त्याला शिकवलं होतं.

"पाचच्या पाच," ते म्हणाले.

झिपरूचे हात थांबले. "काय म्हणतो रे हा?" त्याने लेकाला विचारलं.

"काय नाय, बा."

ललित उठला. रांजणाशी जाऊन त्याने बराच वेळ हात घासले, कोपरापर्यंत. मग घरात जाऊन सदरा बदलून आला आणि जीपमध्ये बसला. पान बाजेवरच पडलं होतं, सही न झालेलं. खंडेराव तसेच बसून होते.

"उठा," तो म्हणाला. त्यापुढं 'उस्ताद' आलं नाही. "सायखेड्याला जायचंय."

वाटेत माणसं हात करत होती, त्याने एकदाही जीप थांबवली नाही. घाटात तो नेहमीच्या हाताने सांभाळून गाडी उतरवत होता, आणि खंडेरावांना वाटत होतं की याने काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, गाडीतून खाली उतरवावं. असल्या वेळी मार खाणं सोपं असतं. वणी गेली. पिंपळगावच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिथं जीप थांबली तेव्हा तो समोर बघत म्हणाला,

"लॉगमधी लिहिलं होतं?"

"नाही."

"मी लिहिलं होतं. माझ्या वहीत. तिन्ही टाइम." रांग पुढं सरकली, त्याने गिअर टाकला. "ती वही चौकशीच्या आधी तुम्ही मागून घेतली होती. मला वाटलं, माझ्यासाठी घेतली."

खंडेरावांनी ती वही बंबात घातली होती. हे मात्र ते विसरले होते, खरोखर विसरले होते. माणूस स्वतःच्या सोयीचं किती विसरू शकतो, याचं त्यांना त्या जीपमध्ये नवल वाटलं.

सायखेड्याला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. गोदावरीच्या बाजूला, मळ्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं. ओट्यावर साठीची एक बाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. जीप ओळखून तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मार्च नसताना हा कसा आला, असा प्रश्न क्षणभर तिच्या चेहऱ्यावर दिसला.

ललितने इंजिन बंद केलं. तो उतरला नाही.

"मी इथं हाय," तो म्हणाला. "तुम्ही जा."

खंडेराव ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. तिने त्यांना ओळखलं होतं. दिनेशचं सामान घेऊन तेच या घरी आले होते. पेटी खाली ठेवून 'पोरगं शिस्तीचं होतं' म्हणाले होते, आणि चहासाठीही थांबले नव्हते.

"साहेब ना तुमी? बसा की."

"आधी ऐका, ताई. मग सांगा बसायला."

त्यांनी सांगितलं. वाटेत वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून निघाली ती वेगळीच, मागची पुढं आणि पुढची मागं. नियम समजावून सांगू लागले आणि अर्ध्यातच सोडून दिले, कारण तिला त्या नियमांशी काय करायचं होतं! मोहोळ, तीन हाका, लॉग, वही, रिपोर्ट, धडा, सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्या हातांकडे बघत होते. ते हात जुड्या बांधत राहिले. मधेच एका जुडीला दोनदा सुतळी गुंडाळली गेली.

"म्हंजे," ती हळू म्हणाली, "ह्यो मला सांगत व्हता ते खरंच व्हतं. यानं हाका मारल्या."

"हो."

"आन् तुमाला आयकू आल्या."

"हो. तिन्ही."

"गाडी व्हती तुमच्याकडं?"

"होती, ताई. औषधही होतं."

तळतळाट दिला नाही तिने. मांडीवरचा पाला झटकला आणि हातातली जुडी बाकीच्यांवर ठेवली. मग ओट्याला हात टेकून कष्टाने उठली. त्यांच्या बाजूने ती पुढं गेली तेव्हा आपण तिला दिसत तरी आहोत का, असं खंडेरावांना वाटलं. त्यांना क्षमा नको होती, ती मागण्याचं तोंडही त्यांना उरलं नव्हतं. तिने एक शिवी दिली असती तरी ती त्यांनी डोक्यावर घेतली असती.

ती जीपशी गेली. ललित स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. ती जवळ आली तरी त्याने मान वळवली नाही.

"जेवलास का रे?" तिने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने स्वतःच जीपचं दार उघडलं, त्याला दंडाला धरून खाली उतरवलं, आणि इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बोलावं तशी बोलत सुटली. किती काळवंडलास, लेकरं किती झाली, घरी कोण कोण हाय, इतक्या लांबून येतोस आन् उपाशी जातोस, माझंबी तोंड फुटलं नाय. तो लहान मुलासारखा ढसाढसा रडत तिच्याबरोबर चालला होता. दोघं खंडेरावांच्या अगदी जवळून ओटा चढून आत गेली.

आत चूल पेटली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

खंडेराव अंगणात टोपी हातात धरून उभे होते. त्यांना कुणी जा म्हणालं नाही, आणि बसाही म्हणालं नाही.